तीन फ्यूज

वायरमन वर्षाराणीनं डीपीच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढून शालूबाईंच्या ओंजळीत ठेवले. त्यांनी ते पदरात बांधले, गाठ दोनदा ओढून पाहिली.

“काकू, चढू आता?”

“चढ, लेकी. तू उतरंस्तोवर मी हितनं हलत न्हाय.”

रविवार होता, जोतिबाचा उपास. तीन वर्षांपूर्वी त्यांचा लेक यशराज असाच खांबावर असताना कुणीतरी फ्यूज बसवले होते; तो जिवंत खाली आला नाही. कुणी, ते कोडोलीत कुणीच बोललं नाही. तेव्हापासून मळ्यात कुणीही खांबावर चढलं, की शालूबाई डीपीपाशी येऊन बसत; ते माणूस खाली येईपर्यंत पाण्याचा घोटही घेत नसत. बोटं माळेवर, नजर माणसांवर.

सोलरची नवी लाईन जोडली की उसाला दिवसा पाणी मिळणार, म्हणून चार-पाच जण बांधावर उकिडवे बसले होते. यातलाच एक. आणि शालूबाईंच्या मनानं तो कधीच ठरवून टाकला होता.

“काकू, फ्यूज सोन्याचं हायती व्हय? किती आवळून धरशीला!” अमरसिंह ओरडला. बांधावर हशा पिकला.

शालूबाईंनी तोंड फिरवलं. तीन वर्षं त्याच्या घरचं हळदीकुंकूही त्यांनी घेतलं नव्हतं. शेजारी दुधाची चरवी होती, बांधावरच्याच जोतीरामनं आणून ठेवलेली. तो बिचारा तीन वर्षं रोज, न सांगता, दूध पोचवत होता.

वर्षाराणी खाली उतरली. हातमोजे काढत म्हणाली, “झालं. बसवा.”

अमरसिंह पुढे सरसावला, पेटीत डोकावला आणि मान खाजवत मागे आला.

“आपुन बाबा कधी हात लावल्याला न्हाय हेला. जोतीराम, ये की! मळ्यात फ्यूज टाकायचा तर तूच.”

जोतीराम उठला. तळवे विजारीला पुसले.

“आता न्हाय जमत.” तो पेटीकडे नाही, खांबाच्या टोकाकडे बघत होता.

“कवापासनं?” शालूबाईंनी विचारलं.

त्याची नजर खांबावरून चरवीवर उतरली.

शालूबाईंची बोटं माळेवर थांबली. चरवीवरचं झाकण त्यांनी उचललं, पुन्हा होतं तसं ठेवलं. मग सावकाश पदराची गाठ सोडून तिन्ही फ्यूज त्याच्या हातावर ठेवले. त्यानं मूठ मिटलीच नाही.

“बसव, जोतीराम,” त्या हळूच म्हणाल्या. “आज वर कुणी न्हाय.”