कोणाचं खरं मानायचं?

तत्त्वज्ञानाचे विभागप्रमुख तसे भले गृहस्थ. स्वतःचा चहा स्वतः करायचे आणि चारचौघांत ते सांगायचेही! त्यामुळे विभागाच्या बैठकीत नव्या प्राध्यापिकेने एम.ए.ला ‘स्त्रीवादी तत्त्वज्ञान’ सुरू करू या म्हटलं, तेव्हा ते कौतुकाने हसले.

“मॅडम, स्त्रीवाद म्हणजे मोर्चे, मागण्या. काढा मोर्चा, मी येतो! पण तत्त्वज्ञानात त्याचं काय काम?”

“सर, ज्ञान म्हणजे काय हे आपण शिकवतो. मग कोणाचं सांगणं ज्ञान ठरतं आणि कोणाचं उडवून लावलं जातं, हा प्रश्न कुठे शिकवायचा?”

“खरं बोलणारी बाई आहे की पुरुष, हे कोणी बघत नाही हो,” म्हणत सरांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

त्याच सुमारास सरांच्या बायकोला बाथरूमपाशी जळका वास येऊ लागला. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची.

“अहो, वायर तापल्याचा वास आहे हा.”

“मला नाही येत. प्रयोगशाळा बसलीये तुझ्या नाकात!”

तिने वायरमनला फोन केला. तो म्हणाला, “साहेबांना द्या जरा.” साहेबांनी फोन घेतला आणि सांगून टाकलं, “काही नाही रे, तिला भास होतात.”

वास आला की ती बाथरूममधला गिझर बंद करायची, सर पुन्हा चालू करायचे.

रविवारी सरांचा धाकटा भाऊ आला. हात धुऊन बाहेर येत म्हणाला, “दादा, काहीतरी जळतंय रे आत.”

सरांनी तडक वायरमनला बोलावलं. त्याने गिझरचा बोर्ड उघडला. वायरी कोळशासारख्या काळ्या, प्लास्टिक वितळलेलं!

“साहेब, थोडक्यात निभावलं. शेजारी पडदा आहे, एवढ्यात पेटला असता.”

सरांनी भावाच्या पाठीवर थाप मारली. “वाचलो गं! बरं झालं, हा आला.”

“मी सांगितलं तेव्हा भास,” बायको शांतपणे म्हणाली, “आणि भाऊजींनी सांगितलं की लगेच वास?”

सरांनी दोघांचं बोलणं मनात ताडून पाहिलं. वास तोच, शब्दही जवळपास तेच. बदलला होता फक्त आवाज! कोणी बघत नाही म्हणणारे आपण स्वतःच बघत होतो की!

“चुकलो मी,” ते पुटपुटले.

“नुसतं चुकलो म्हणून सुटू नका. का चुकलात ते शोधा. त्याचाच पगार मिळतो ना तुम्हाला?” आणि तिला हसू फुटलं. सगळे सुखरूप होते. सरही मोकळेपणाने हसले.

पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतःच तो विषय मांडला, घडलेलं सगळं सांगितलं आणि नव्या प्राध्यापिकेला म्हणाले, “मॅडम, पहिल्या तासाला उदाहरण माझंच घ्या. आणि मागच्या बाकावर मलाही जागा ठेवा.”

विषय मंजूर झाला.

वाचकहो, बाईच्या शब्दाला पुरुषाची साक्ष लागत असेल, तर खोट आपल्या कानांत आहे. ती एकट्या सरांची नाही, तुमच्याआमच्या घरोघरची आहे. ती खोट काढायला मोर्चाही हवा आणि अभ्यासही. तोवर एवढं तरी करू या, बाई सांगेल तेव्हा पहिल्याच वेळी ऐकू या!