तेरा सागरगोट्यांचा डाव

बसा मित्रांनो, ऐसपैस बसा. मला चुलीत घालायला निघाले होते, त्या दिवसाची गोष्ट सांगतो.

मी एक जुना लाकडी पट आहे. अंगावर दोन ओळींत बारा खळगे, आम्ही त्यांना घरं म्हणतो; एकेक ओळ एकेका खेळाडूची. घानातल्या एका कोकोच्या गावात बोआतेंग सुतारानं मला कोरलं. तीस वर्षं झाडाखाली म्हाताऱ्यांची भांडणं ऐकली. मग कड चिरली, तसं मला कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून लावलं! तिथून मला सेरवाबाईंनी उचललं आणि पहिलीच्या वर्गात आणलं. पोरं माझ्या घरांत सागरगोटे टाकत आकडे शिकली.

त्यात होती कोनादू. सहा वर्षांची, तोंडाला कुलूप.

एक दिवस तपासनीस डंक्वासाहेब आले. म्हणाले, "पोरी, वीसपर्यंत म्हण."

कोनादू गप्प.

"हिला बालवाडीत परत बसवा. आणि बाई, ही शाळा आहे की चावडी? जाळा ते लाकूड."

बाईंनी मला सरळ साहेबांपुढे सरकवलं. "जाळू की. आधी हिच्याशी एक डाव खेळा."

आमच्याकडे पट पुढे आला की पाठ फिरवत नाहीत. फिरवली तर बाजारातल्या बायका वर्षभर जगू देत नाहीत. साहेब बसले. "लहानपणी अख्खं गाव हरवलंय मी!"

पोरांनी गराडा घातला. डाव रंगला. साहेबांनी आपलं शेवटचं घर उपसलं आणि एकेका घरात एकेक सागरगोटा टाकत फेरी मारली. शेवटचा कोनादूच्या पहिल्या घरात पडला.

"दोन झाले! खाल्ले!"

कोनादूनं त्यांचा हात धरला. साहेबांचा हात, बरं का!

"खोटं खेळलात."

मग तिनं माझ्या एकेका घरावर बोट ठेवलं.

"तेरा होते तुमच्या घरात. जे घर उपसलं ते ओलांडायचं असतं, तुम्ही त्यातही एक टाकलात. शेवटचा माझ्या दुसऱ्या घरात पडतो. तिथे होतात पाच. दोन नाहीतर तीन झाले तरच खायचं. पाच कसे खाल?"

"साहेब, बालवाडीत चला!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

साहेबांनी घरं मोजली. परत मोजली. मग टोपी काढून डोकं खाजवलं. "तेराच होते," म्हणाले, आणि वहीतली बालवाडीची ओळ खोडली. कोनादू पहिलीतच राहिली. चुलीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मी चिरलोय, पण अजून वर्गात मधोमध बसतो. या म्हणावं कुणाला जाळायचंय ते! आधी डाव जिंका.

तुम्ही एवढंच करा मित्रांनो. तुमच्या शेजारी एखादं गप्प पोर बसत असेल, तर त्याला 'ढ' म्हणू नका. मूठभर सागरगोटे त्याच्यापुढे ठेवा आणि म्हणा, "चल, पहिली खेळी तुझी."