चौदा नंबरची शीट

ऑफिसात तिला सगळे साठवणबाई म्हणत. ती इमारतींचे नकाशे कॉम्प्युटरवर काढायची, आणि फाइलमधलं काहीही पुसायचं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. गेल्या आठवड्यात नकाशात बाल्कनीच्या सळ्या बदलल्या तेव्हा इंजिनिअरसाहेबांनी बजावलं होतं, "जुनी शीट उडवून टाका." तिने मान डोलावली, नवी शीट काढली, तिला 'चौदा नवीन' नाव दिलं आणि जुनी चौदा नंबरची शेजारीच राहू दिली. लागली तर असावी, एवढंच.

सोमवारी साइटवर नकाशे पाठवायचे होते. तिचा मोठा भाऊ त्याच इमारतीवर सुपरवायझर; ही नोकरी त्यानेच शब्द टाकून मिळवून दिलेली. बेचाळीस शीट एकेक करून छापत कोण बसणार? तिने महिन्यापूर्वी जपून ठेवलेली छपाईची यादी उघडली, दोन प्रतींसाठी बटण दाबलं आणि चहाला गेली. परत आल्यावर शीट मोजल्या. दोन्ही गठ्ठ्यांत बेचाळीसच्या बेचाळीस. एक गठ्ठा दादाकडे गेला, एक टेबलावर पडून राहिला.

गुरुवारी दुपारी तो गठ्ठा फायलीला लावताना चौदा नंबर हाताला लागला. जुनी शीट. यादी जुनी होती, तिला 'चौदा नवीन' ठाऊकच नव्हती. कागदावर सळ्या एकमेकींपासून आठ इंचांवर दाखवलेल्या. हव्या होत्या चारवर. उद्या त्या बाल्कनीत कुणीतरी कपडे वाळत घालायला उभं राहणार, निम्म्या सळ्यांच्या भरवशावर.

तिने फोन लावला. "दादा, काँक्रीट सुरू केलंस?"

"आत्ताच दोन बाल्कन्या झाल्या, तिसरी चाललीय. का गं?"

"थांबव. सळ्या निम्म्याच आहेत. जुनी शीट दिली मी तुला."

तो फोन लांब धरून कुणावर तरी ओरडला. मिक्सरची घरघर थांबली.

"ओलं आहे तोवर उकरतो सगळं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

साहेब मागेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आता तरी ती शीट उडवा," ते हळूच म्हणाले. "आपल्याकडे जुनी नाहीच, साइटवाल्यांनी जुनाच कागद वापरला, असं म्हणता येईल."

साइटवाले म्हणजे दादा. तरी तिचा हात माउसकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा काही पुसायला तिचा जीव घुटमळला नाही, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

फोन पुन्हा वाजला.

"छोटे, ऐक. कागदाच्या कोपऱ्यात तुझं नाव न् सोमवारची तारीख छापून आलीय. अजून कुणी बघितलं नाही. तेवढा कोपरा फाडून टाकतो. चुकून जुना कागद घेतला म्हणतो. मला काय, दुसरीकडे काम मिळेल."

तिला रडू फुटलं. लहानपणी तिच्या हातून फुटलेली बरणीसुद्धा यानेच अंगावर घेतली होती.

"फाडू नकोस," ती म्हणाली. "हात नको लावूस त्याला. मी येतेय."

तिने फक्त 'चौदा नवीन' छापली. नकाशे छापणाऱ्या प्लॉटरमधून कागद बाहेर येईस्तोवर जागची हलली नाही, मग प्रत्येक सळई बोटाने मोजली.

"जुनी उडवलीत ना?" दाराशी साहेबांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "ती लागणार आहे."