धावजीचे बारा सेकंद

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे. कपाटं, पुस्तकं आणि खुर्चीत डुलक्या घेणारा ग्रंथपाल डोळ्यांसमोर आणू नका. संगणकातल्या मोठ्या प्रोग्रॅमला सगळंच स्वतःला येत नसतं. काही कामं तो दुसऱ्याने आधीच लिहून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रॅमकडून करून घेतो. त्या छोट्याला लायब्ररी म्हणतात. लग्नात पत्रिकेवर नाव नवरदेवाचं आणि मागे चुलीपाशी घाम गाळणारा वेगळाच, तसं.

माझं काम एकच. वजनकाट्याकडून आकडा घ्यायचा आणि प्रोग्रॅमला द्यायचा. यात काय अवघड, असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणतात. तिथूनच माझं डोकं फिरायला लागतं.

माझा जन्म दोन हजार साली यवतमाळला, गफ्फारभाईंच्या काटेदुरुस्तीच्या दुकानात झाला. गफ्फारभाई शाळा शिकले सातवीपर्यंत. संगणक शिकले एका जुन्या पुस्तकातून, आणि त्याची पहिली चाळीस पानं उंदरांनी खाल्लेली होती. त्यामुळे माझी सुरुवात जरा विचित्र आहे, हे मी कबूल करते. एकेचाळिसाव्या पानापासून पुढे मात्र मी पक्की आहे.

मला कळंबच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बसवलं. तिथे कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, यायच्या. आधी भरलेली बंडी बैलांसकट काट्यावर, मग कापूस गंजीवर ओतून रिकामी बंडी बैलांसकट काट्यावर. दोन्हींतला फरक म्हणजे कापूस. काट्यावर माणूस होता धावजी. पोरगा असल्यापासून तिथेच. आसपासच्या तांड्यांत त्याचा काटा म्हणजे काटा.

पहिल्याच दिवशी माझे आकडे चुकले. गफ्फारभाई तीन दिवस काट्याच्या खोलीच्या पायरीवर बसून नुसते बघत राहिले. मग त्यांना दिसलं. काट्याचा लोखंडी पत्रा पायाखाली पोकळ वाजतो. भरली बंडी ओढत आलेले बैल त्या आवाजाला बिचकतात आणि पुढचे पाय पत्र्याबाहेर मातीवर टाकतात. जेवढा बैल मातीवर, तेवढं वजन कमी. म्हणून धावजी काय करायचा, तर खोलीत बटण दाबायचा, उठून बाहेर जायचा, बैलांची वेसण धरून त्यांना मागे रेटायचा आणि मानेवर हात ठेवून उभा राहायचा. रिकाम्या बंडीच्या वेळी बैल सरावलेले असायचे, शहाण्यासारखे मधोमध उभे राहायचे.

‘‘अरे धावजी, बटन बाद में दाब ना,’’ गफ्फारभाई म्हणाले.

‘‘बादमंदी दाबाले आत आलो का बैल पुन्हा बाहेर. मी तिथं असलो त थे उभे. मी काय दोन ठिकाणी राहू?’’

गफ्फारभाईंनी घड्याळ काढलं. बटणापासून बैलाच्या मानेपर्यंत धावजीला बारा सेकंद लागत होते. त्यांनी माझ्यात एक ओळ घातली: बटण दाबल्यावर बारा सेकंद काही वाचू नकोस, मग आकडा स्थिर झाला की घे. ही ओळ कशासाठी, ते वर लिहून ठेवायला हवं होतं. नाही लिहिलं. म्हणाले, ‘‘धावजीले ठाऊक हाय, मले ठाऊक हाय. तिसऱ्याले कायले पायजे?’’

या एका वाक्यापायी पुढे काय रामायण झालं, ते ऐका.

माझी उमेदीची वर्षं झोकात गेली. खोटं सांगत नाही, फुलसावंगीकडचा एक बैल काट्यावर श्वास रोखून धरायचा आणि चार किलोने हलका व्हायचा. मी त्याचा श्वास सुटेपर्यंत थांबायचे. एकदा दोन्ही बैल काट्यावरच झोपले. त्यांना स्वप्न पडलं तेव्हा आकडा हलला, एवढी मी बारीक. लोक कौतुक करायचे. माझं नव्हे, धावजीचं. माझं नाव कोणाला ठाऊक?

मग गफ्फारभाईंनी दुकान बंद केलं आणि सगळा प्रोग्रॅम यवतमाळच्या सत्यशीलेकडे आला. हुशार मुलगी. तिच्याकडे माझ्यासकट अकरा जुन्या लायब्रऱ्या होत्या. प्रोग्रॅममध्ये एवढासा बदल केला तरी अकराही जणींशी जमतंय का, ते तपासावं लागायचं. तिने ठरवलं, जुन्यांचा आधार बंद. पुढच्या वर्षीपासून एकच नवी लायब्ररी, सगळीकडे.

तिने रीतसर नोटीस दिली, तेही सांगते. वर्षभर रोज सकाळी पडद्यावर इंग्रजीत पिवळी पट्टी यायची: हा भाग जुना झाला आहे, लवकरच काढण्यात येईल, अडचण असल्यास कळवा. आणि धावजीने काय समजावं? काटा तपासून पास झाल्याचा शिक्का. रोज पट्टी आली की तो खूश. एके दिवशी उशिरा आली, तर याचा जीव खालीवर. सांगा, कोणाकोणावर चिडू मी?

नवी लायब्ररी तपासली कुठे, तर वणीला. कारण तपासणी उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात कापूस कुठून येणार? वणीला कोळशाचे ट्रक बारमाही. ट्रक काट्यावर आला की मेल्यासारखा उभा. नव्या बाईंनी अर्ध्या सेकंदात आकडा टिपला, तीनशे ट्रक बिनचूक. मला कोणी एका शब्दाने विचारलं नाही.

दोन हजार चौदाच्या दिवाळीनंतर खरेदीचा मुहूर्त झाला, नारळ फुटला, आणि धावजीने सवयीने बटण दाबून बाहेर पाऊल टाकलं. तो दारात पोचायच्या आत नवीने आकडा घेऊन टाकला होता. मी अजून त्याच संगणकात पडून होते, पण मला काम नव्हतं. बैलांचे पाय तेव्हा मातीवर.

पहिल्या दिवशी कोणाचे चाळीस किलो कमी, कोणाचे साठ. ती कापसाची वाईट वर्षं होती. झाडावर बोंडं मोजकी, त्यामुळे लोक घरून तोलून आणायचे. दुसऱ्या दिवशी कुजबुज सुरू झाली. तिसऱ्या दिवशी मालकाने धावजीला बोलावून सांगितलं, सोमवारपासून काट्यावर दुसरा माणूस बसेल.

धावजी घरी जाऊन जेवला नाही, एवढं मला नंतर कळलं. त्याच्यापाशी दुसरं काय होतं, मित्रांनो? एक नाव होतं.

शनिवारी सकाळी त्याच्याच तांड्यातला, त्याला ‘भिया’ म्हणजे भाऊ म्हणणारा बाबूसिंग आला. त्याचे गोऱ्हे नवे, पत्रा वाजताच दोघेही सरळ पुढे मातीवर. काट्यावर उरली नुसती बंडी. नवीने तोच आकडा टिपला, अकरा क्विंटल तीस. पुढे रिकाम्या बंडीला गोऱ्हे नीट उभे राहिले, तर वजन आलं अकरा सत्त्याहत्तर. पावती आली: कापूस वजा सत्तेचाळीस किलो.

बाबूसिंगने पावती उलटीसुलटी पाहिली. ‘‘भिया, हे काय होय? मी कापूस आणला का नेला?’’

‘‘मले काय समजते, मशीन बोलते थे.’’

‘‘म्हणजे कापूसही द्यायचा अन् वरून सत्तेचाळीस किलो घरून आणून द्यायचा? चाळीस-साठ खात होता, आता मुळासकट खाऊन राह्यला काय?’’

लोक हसले. त्या हसण्याने धावजी खाली बसला. पण माणूस कितीही लबाड असला तरी वजा कापूस लिहीत नाही, हे मालकाच्याही ध्यानात आलं, आणि त्याने सत्यशीलेला फोन लावला.

ती दुपारी आली. आधी संगणक बंद करून चालू केला, जसा सगळे करतात. मग बाहेर उभी राहून एक बंडी पाहिली. बैलांना काट्यावर ती पहिल्यांदाच पाहत होती.

‘‘काका, तुम्ही बटण दाबून जाता कुठं?’’

‘‘बैलापाशी.’’

‘‘अन् आकडा?’’

‘‘थो आपापला थांबते ना मी पोहोचेपर्यंत. चौदा वर्षं थांबतच आला.’’

सत्यशीलेचा चेहरा उतरला. तिने मला उघडलं. बाराची ओळ सापडल्यावर तिने धावजीला पुन्हा चालायला लावलं आणि मोजलं. पंधरा सेकंद. त्याचे गुडघे आता पूर्वीचे नव्हते.

मला वाटलं, आता आपल्याला परत बोलावणार. छे. तिने वायर ओढून दुसरं बटण बाहेर, वेसण धरायच्या जागेपाशी खांबावर बसवून घेतलं. धावजीचा एक हात बैलावर, एक बटणावर. झालं. हे मला सुचलं नसतं, गफ्फारभाईंनाही सुचलं नव्हतं. मान्य करताना जीभ जड होते, पण आहे ते आहे.

मग ती फाटकापाशी जमलेल्या लोकांसमोर उभी राहिली. ‘‘चूक धावजीकाकांची नाही, माझी आहे. मी न पाहता बदल केला.’’ एवढंच.

पण तीन दिवसांचा कापूस गंजीत मिसळलेला, पुन्हा तोलणार कसा? मालक म्हणाला, धावजी ठरवेल. धावजीने वही घेतली आणि प्रत्येकाला विचारलं, घरी किती भरला होता. जो आकडा सांगितला तो लिहिला. एकालाही ‘नक्की का?’ म्हटलं नाही.

बाबूसिंगची पाळी आली. ‘‘सात क्विंटल,’’ तो म्हणाला. धावजी लिहायला लागला. बाबूसिंग तिथेच घुटमळला. ‘‘सहा नव्वद लिव, भिया. दहा किलो पाणी मारेल हाय.’’

धावजीने सात खोडून सहा नव्वद लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

मित्रांनो, मला काढून टाकलं ते त्याच संध्याकाळी. आता बोलते आहे ती सत्यशीलेने ‘जुने’ नावाच्या खणात ठेवलेली माझी प्रत. जुन्यांना काढू नका, असं मी म्हणणार नाही. आमच्या अकराजणींचं ओझं खरंच होतं. पण काढण्याआधी एकदा आमच्या काट्यापाशी येऊन उभे राहा. आमच्या भरवशावर कोण चालत बैलापर्यंत जातो, ते पाहा. आणि ओळ कशासाठी लिहिली, ते वर लिहून ठेवा; तिसऱ्याला पाहिजे असतं.

मला पुसायचं बटण दाबायच्या आधी सत्यशीलेने मला वरपासून खालपर्यंत वाचलं. दोन ठिकाणी ‘‘शी, हे काय लिहून ठेवलंय’’ म्हणाली. तरी पुढे वाचत राहिली, शेवटच्या ओळीपर्यंत.