विचारल्याशिवाय वाटलेलं सरबत

"पोरीला विचारल्याशिवाय सरबत वाटू नकोस, इन्साफ."

उस्ताद शुकरी दवाखान्यातल्या खाटेवरून एवढंच बोलले होते. बायकोकडून 'हो' म्हणवून घेतलं, तेव्हाच त्यांनी तिचा हात सोडला. थोरल्या नर्मीनचा बारावीचा निकाल लागायच्या आतच ते गेले.

त्याला आता नऊ वर्षं झाली. आज धाकट्या हनीनचा निकाल लागला होता. इन्साफ पहाटेच्या नमाजेपासून जानमाजवरून उठलीच नव्हती. हनीनने फोन पुढे धरून मार्क दाखवले, तेव्हा तिने तिथेच पुन्हा माथा टेकला. मग डोळे पुसत ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि निकालाच्या आनंदात गल्लीला वाटायच्या सरबतासाठी साखरेचा पाक चढवला. सोमवारचा रोजा होता, म्हणून चव मात्र घेता येत नव्हती.

इजिप्तमधल्या आमच्या मन्सुरा शहरात निकाल आधी गल्लीला लागतो आणि मग घराला. शेजारच्या उम्म करीमने, म्हणजे करीमच्या आईने, जिन्यातूनच आनंदाची लांब किलकारी दिली आणि दार न वाजवता आत आली.

"काय गं उम्म नर्मीन, अजून पेले मांडले नाहीस? घरात दुसरी डॉक्टरीण! आता तुझ्याकडे आजार यायलासुद्धा घाबरेल."

"तुझं तोंड गोड होवो, बाई."

"होईल की, पण या वेळी गुलाबपाणी सढळ हातानं घाल. मागच्या वेळी नुसतं रंगवलेलं साखरपाणी होतं. मी आपली बोलले नाही." आणि ती बायकांना गोळा करायला खाली गेलीसुद्धा.

तेवढ्यात नर्मीन आली. धाकट्या बहिणीला तिने घट्ट मिठी मारली. मग स्वयंपाकघरात येऊन तिने गॅस बंद केला.

"अगं! पाक बिघडेल."

"बिघडू दे. हनीनला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? मेडिकलला पुरतील एवढे मार्क आहेत. अल्लाहनं भरभरून दिलंय."

"मार्क अल्लाहनं दिले, आई. रांग आपण लावली. सगळ्यात वर मेडिकल, त्याच्याखाली डेंटल, त्याच्याखाली फार्मसी. त्याच्या दरबारात अशी रांग आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

आमच्याकडे सगळेच असं मानतात. मार्क जिथवर नेतील तिथवर चढायचं. कुणी एक पायरी खालचं मागितलं, की 'पोरीनं मार्क मातीत घातले' म्हणून माणसं हळहळतात. मनाला काय हवं, हे विचारायची पाळी ज्यांचे मार्क कमी पडतात त्यांच्यावरच येते.

"तुझं काय वाईट झालं?" इन्साफ दुखावून म्हणाली. "डॉक्टर झालीस. मोठ्या हुद्द्यावर आहेस."

"हुद्दा!" नर्मीन हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "आरोग्य कचेरीत बसून जन्माच्या दाखल्यांवर शिक्के मारते मी. वॉर्ड का सोडला, ते तू कधी विचारलं नाहीस. एका तापलेल्या बाळाच्या बापानं मला विचारलं, 'डॉक्टर, तुमचं लक्ष कुठंय?' बाळ वाचलं. दुसऱ्या डॉक्टरनं सांभाळलं. पण तो माणूस खोटं बोलत नव्हता, आई. माझं लक्ष तिथं कधी नव्हतंच. मला दात घडवायचे होते. तो साबणाचा दात आठवतो?"

इन्साफला आठवला. पांढऱ्या साबणातून नर्मीनने कोरलेली दाढ, मुळांसकट, अगदी खरी वाटावी अशी. उस्ताद शुकरींनी ती कपाटावर जपून ठेवली होती. ते गेल्यावर एका आवराआवरीत इन्साफने ती उचलली आणि त्या साबणाने टेबलावरचं कापड धुऊन टाकलं.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?" इन्साफने विचारलं.

"बोलायलाच इथं आले होते. तुझ्या हातात ट्रे होता. सगळी गल्ली दारात. उम्म करीमनं 'डॉक्टरीणबाई' म्हणत माझे गाल ओढले. बाबा गेल्यापासून तू त्या दिवशी पहिल्यांदा हसत होतीस, आई. 'नको' कुणाला म्हणू?"

इन्साफ ओट्याला टेकून खाली बसली. नवऱ्याला दिलेला शब्द! एकही रोजा न चुकवणारी बाई आपण, आणि तोच एक शब्द चुकवला!

"आता घे ना डेंटलला प्रवेश," ती पुटपुटली. "मी काहीही करीन."

"आता नाही गं," नर्मीन तिच्याशेजारी बसली. "वर्षं परत येत नाहीत. माझीच गेली असंही नाही. कुणीतरी एक मुलगी असेल, जिला मेडिकलच हवं होतं. तिची जागा मी अडवून बसले. तिचीही वर्षं गेली. त्या बाळाला ती भेटायला हवी होती."

मग इन्साफने दाराकडे पाहून हाक मारली, "हनीन, इकडे ये. तुला काय व्हायचंय?"

हनीन दारातच थांबली. "मला? माहीत नाही. आजवर कुणी विचारलंच नव्हतं." मग धीर करून म्हणाली, "पसंतीक्रम भरायला अजून वेळ आहे ना? ताईच्या जुन्या वॉर्डात जाऊन बसते. डेंटल कॉलेजात पेशंट तपासतात, तिथंही. बघून सांगते." ती जरा घुटमळली. "आणि दोन्ही नको वाटलं, तर सरबत मिळेल ना?"

इन्साफने मान हलवली. "मिळेल. तू ठरवशील त्याचं. आणि तोवर नाही."

आईबाप हो, मुलांच्या यशाचा आनंद जरूर करा, पण त्यांच्या आयुष्याचा निर्णय त्या आनंदाच्या गडबडीत वाटून टाकू नका. मार्क एवढंच सांगतात की पोर कुठवर पोचू शकतं. त्याला कुठं जायचंय, हे त्यालाच विचारावं लागतं, आणि वेळेवर विचारावं लागतं. इन्साफचा पश्चात्ताप खरा होता, तरी त्याने नर्मीनचं एकही वर्ष परत आणलं नाही.

खाली जिन्यात बायका जमल्या होत्या. "आलं का गं सरबत?" उम्म करीमचा आवाज वर चढत होता.

इन्साफने पातेल्यावर झाकण ठेवलं. ट्रे फडताळात उभा केला. आरशात न बघताच डोक्यावरची ओढणी नीट केली, आणि रिकाम्या हातांनी एकेक पायरी खाली उतरू लागली.