शेवटच्या माणसामागची गाडी

जानराव गावंडे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी धावायला लागले, ते एका एसटीमुळे. साखरेचा रिपोर्ट दाखवायला त्यांना वाशीमला डॉक्टरकडे जायचं होतं आणि शेलूबाजारच्या स्टॉपवर ते पोचले तेव्हा गाडी नुकतीच सुटली होती. ड्रायव्हरला आरशात दिसू म्हणून ते मागे धावत सुटले. गाडी काही थांबली नाही. जानराव मात्र पार गावाबाहेरच्या पेट्रोल पंपापर्यंत गेले, गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले, आणि धाप ओसरल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला बरं वाटतंय. दुसऱ्या दिवशी कुठलीच गाडी चुकलेली नव्हती, तरी ते पहाटे तेवढंच अंतर पुन्हा धावले.

"वावरात का काम कमी पडलं?" त्यांच्या बायकोनं, सोजरबाईंनी, विचारलं.

"काम हाये ना. कामाच्या आंधी जाऊन येतो."

"लोक हासतीन."

"हासू दे. पहाटं कोन रायते पाहाले?"

पहाटे बरेच जण असतात हे त्यांना आठवडाभरात कळलं. दूध घालणारे, डबा घेऊन निघालेले, भरतीची तयारी करणारी पोरं. सगळे हसले, मग सगळ्यांना सवय झाली. महिन्याभरात सोजरबाईंनाही झाली. त्यांनी अट एकच घातली: खिशात नाव, गाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवायची.

त्यातूनच पुढे मॅरेथॉन आल्या. मॅरेथॉन हा शब्द आपल्याकडे जरा सैल हातानं वापरतात. पाच किलोमीटर असो, दहा असो, बॅनरवर मॅरेथॉनच लिहिलेलं असतं. जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत अशा चार-सहा तरी होतात. कधी एखादं मंडळ घेतं, कधी डॉक्टर लोक, कधी एखादी शाळा. चाळीस-पन्नास माणसं जमतात. टी-शर्ट मिळतो, तो नेहमी दोन मापं मोठा असतो. छातीला नंबराचा कागद टाचायचा, पीटीच्या सरांनी शिट्टी वाजवली की सुटायचं, आणि परत आल्यावर तर्री घातलेले पोहे खायचे. पहिले तीन नंबर पोलीस भरतीची पोरं नेतात. बाकीच्यांना मेडल मिळतं, आणि ते जानरावांना पुरत असे.

जानराव सगळीकडे शेवटचे येत. एकदा-दोनदा नाही, दोन वर्षांत नऊ स्पर्धांत नऊ वेळा. त्यांच्यापेक्षा वयानं मोठी माणसंही होती, पण ती पाच किलोमीटरला नाव देत. जानराव दहालाच देत. पाचात अंग नुसतं गरम होतं आणि मग थांबावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

शेवटच्या धावणाऱ्यामागे अँब्युलन्स ठेवायची, असा या स्पर्धांचा नियम. ही गाडी जवळजवळ दर वेळी एकाच दवाखान्याकडून यायची आणि तिचा ड्रायव्हर होता रतनसिंग राठोड. मानोऱ्याकडच्या तांड्यातला, बेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, बोलका माणूस. लहानपणी आई-बापाबरोबर ऊसतोडीला जायचा, मग काही वर्षं मंगरूळपीरच्या रस्त्यावर जीप चालवली, आता अँब्युलन्स. तिच्यात तो भुईमुगाच्या शेंगा खात बसायचा आणि पहिल्या गियरमध्ये जानरावांच्या मागे मागे चालायचा.

पहिल्या दोन स्पर्धांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. तिसऱ्या वेळी रतनसिंगनं गाडी शेजारी आणून काच खाली केली.

"भाऊ, एक विचारू का? रागावू नका."

"विचार."

"तुमी अजून थोडं जोरात पयू शकता का? तासाभरापासून क्लचवर पाय ठेवून माह्या डाव्या पायात गोया आला."

जानराव दोन पावलं धावत राहिले, मग म्हणाले, "हाच माहा जोर हाये गड्या."

रतनसिंग इतका हसला की त्याला गाडी थांबवावी लागली. तेव्हापासून स्पर्धा म्हणजे दोघांच्या गप्पा झाल्या. काच खाली, हात बाहेर, गाडी जानरावांच्या डाव्या अंगाला. सोयाबीनला काय भाव लागला, रतनसिंगच्या पोरीला अकरावीला सायन्स घ्यावं की कॉमर्स, तूर यंदा चांगली दिसते की नाही. चढावर जानरावांना बोलणं जमत नसे. तेव्हा रतनसिंग एकटाच बोलायचा आणि ते हाताच्या खुणेनं हो-नाही सांगायचे.

डिसेंबरात कारंजा लाडला दहा किलोमीटरची स्पर्धा झाली. सत्तेचाळीस जणांनी नाव दिलं होतं. शाळेच्या मैदानातून निघून गावाबाहेर पाच किलोमीटर जायचं, तिथं ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परत यायचं. पिंपापाशी पोरांनी वळसा घातल्याची खूण म्हणून जानरावांच्या हातावर स्केचपेननं फुली मारली, पाणी दिलं, आणि ते वळल्याबरोबर पिंप उचलून टेम्पोत टाकलं. सहाव्या किलोमीटरला रतनसिंगचा फोन वाजला.

पुढे एक कॉलेजचा पोरगा चक्कर येऊन पडला होता. उपाशीपोटी धावला होता. त्याला दवाखान्यात न्यायचं होतं.

रतनसिंगनं फोन ठेवला, पण गाडी पुढे काढली नाही. "तुमाले एकटं सोडून कसा जाऊ?" तो म्हणाला.

"मले काय झालं? ज्याले झालं त्याच्याकडं जाय."

"पानी देऊन ठेवतो."

"जाय ना बावा."

सायरन वाजवत गाडी गेली. वळणापलीकडे आवाज विरला आणि जानरावांना पहिल्यांदाच कळलं की इतके दिवस आपण इंजिनाची घरघर पाठीशी घेऊन धावत होतो. आता स्वतःचे बूट ऐकू येत होते. एक पाय दुसऱ्यापेक्षा जोरात आपटतो, हे त्यांना आजवर माहीतच नव्हतं. दोन्ही बाजूंना कपाशी, तिच्यात वेचणीला आलेल्या बाया. त्यातली एक सरळ उभी राहून डोळ्यांवर हात धरून पाहत राहिली. बाकीचे सगळे मघाच गेले, मग हा म्हातारा कशाला धावतोय, असं तिच्या मनात आलं असावं.

सातव्या किलोमीटरला मागून मोटारसायकल आली. त्यांच्याच गावचा रामधन होता, खत घ्यायला कारंज्याला निघालेला. त्यानं गाडी हळू केली.

"बसा काका. शायेपर्यंत सोडतो."

"मी स्पर्धेत हाओ रे."

रामधननं पुढे पाहिलं, मागे पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. "कोनासंगं?"

जानरावांच्या मांड्या भरून आल्या होत्या, मोटारसायकलचं सीट रुंद आणि मऊ दिसत होतं. मैदानाच्या थोडं अलीकडे उतरलं असतं तर कोणाला पत्ता लागला नसता. त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "तू होय पुढं. इथपर्यंत आलो तं आता जातो."

मैदानावर पोचले तेव्हा मंडपाची कनात सोडत होते. बॅनर घडी घालून खुर्चीवर ठेवला होता. वेळ लिहिणारे सर निघून गेले होते आणि निकालाचा कागद शाळेच्या भिंतीवर चिकटवलेला होता. जानरावांनी खिशातून चष्मा काढून तो नीट वाचला. पंचेचाळीस नावं होती. खाली लिहिलं होतं: दोघांनी स्पर्धा अर्धवट सोडली. त्यातला एक दवाखान्यात गेलेला पोरगा. दुसरे जानराव गावंडे.

मेडलं पेटीत भरून गेली होती. कोपऱ्यात रिकामं पातेलं होतं, त्याच्या कडेला थोडे पोहे चिकटलेले. जानराव पायरीवर बसले आणि बुटाची नाडी सोडू लागले. त्यांना राग आला नव्हता. पण नाडीची गाठ काही सुटेना, आणि त्या गाठीशी ते बराच वेळ उगाच झटत राहिले.

तेवढ्यात रतनसिंग परत आला. पोराला सलाईन लावली होती, तो आता बोलत होता. रतनसिंगनं भिंतीवरचा कागद वाचला आणि थेट संयोजकांकडे गेला.

"ह्या मानसानं सोडली नाही. मी सोबत होतो."

"कुठपर्यंत होता?" कनात गुंडाळत संयोजकांनी विचारलं.

"सहा किलोमीटरपर्यंत."

"आणि पुढचे चार?"

संयोजक माणूस वाईट नव्हता. त्यानं खिशातून पेन काढून कागदाच्या तळाशी जानरावांचं नाव लिहिलं, वेळेच्या रकान्यात रेघ ओढली आणि मेडल पाठवून देतो म्हणाला. जानराव म्हणाले, झालं, बस. पण परत जाताना गाडीत रतनसिंग शेंगा खात नव्हता.

"पुढच्या टायमाले मी गाडी नाही आनत," तो म्हणाला. "गाडीले कोनी बी बोलावते आन मले जा लागते. मी पायी येतो तुमच्यासंगं."

"तू पयशीन?"

"पयतो ना. तांड्यावर सगळ्याईच्या पुढं पयत होतो मी."

"कधी?"

"दहा वर्साचा होतो तवा."

जानरावांना वाटलं, हा चार दिवसांत विसरेल. पण जानेवारीच्या अखेरीस वाशीमच्या स्पर्धेला रतनसिंग सुट्टी टाकून हजर होता. टी-शर्ट त्याला एकट्यालाच बरोबर बसला होता. छातीवर एकतीस नंबर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. अँब्युलन्सवर दुसराच ड्रायव्हर होता, तोंडाला मफलर गुंडाळलेला एक तरणा गडी.

"हळू सूट," जानरावांनी रतनसिंगला बजावलं. "मी जसा जातो तसा ये."

"हो भाऊ."

शिट्टी वाजली आणि रतनसिंग पोलीस भरतीच्या पोरांबरोबर सुसाट निघून गेला. जानरावांना लांबून त्याची पाठ दिसली, मग तीही दिसेना. ते आपल्या चालीनं निघाले. मागे अँब्युलन्स होती, पण काच वर होती.

चौथ्या किलोमीटरला नाल्यावरच्या पुलाच्या कठड्यावर रतनसिंग बसला होता. एक हात बरगडीवर, तोंड लालबुंद.

"सुई टोचल्यावानी होते इथं," तो म्हणाला.

"सांगतलं होतं ना तुले."

"सांगतलं होतं." त्यानं मान हलवली. मग त्याला काहीतरी सुचलं आणि तो तशाही अवस्थेत हसला. "भाऊ, तुमी जा. आज मी शेवटी हाओ. तुमाले असा चानस पुन्हा नाही येनार."

जानराव थबकले. दोन वर्षांत त्यांच्या मागे कोणी माणूस नव्हता. थांबून त्याला सोबत करावी हे खरं, पण मनात एक पोरकट उकळी फुटली होती आणि ती दाबावीशी वाटेना.

"चालशीन ना तू?"

"चालतो. हे पाहा, उठलो."

तो उठून चालू लागल्याचं पाहून जानराव सुटले. पहिल्यांदाच अँब्युलन्स त्यांच्या नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी मागे होती. हवा गार होती, दोन्हीकडे हरभरा फुलावर आला होता, आणि जानरावांना आपण तिशीतले असल्यासारखं वाटलं. दोनदा त्यांनी वळून पाहिलं. नवव्या किलोमीटरला तर चढावरही ते चालले नाहीत. एक तास सव्वीस मिनिटांत ते आत आले. सरांनी वहीत वेळ लिहिली, कोणीतरी मेडल गळ्यात घातलं, कोणीतरी केळी पुढे केली.

त्यांनी दोन केळी आणि पाण्याची बाटली उचलली आणि ज्या रस्त्यानं आले होते त्याच रस्त्यानं परत निघाले.

"काका, संपली स्पर्धा," मागून सर म्हणाले.

"माहा दोस्त हाये अजून," जानराव चालता चालता म्हणाले. "वही बंद करू नका."

किलोमीटरभरावर रतनसिंग भेटला. तो चालत नव्हता, धावत होता. म्हणजे पाय धावल्यासारखे उचलत होता, पुढे सरकत होता तो चालण्याच्याच वेगानं. अँब्युलन्सवाला त्याच्या पाठीशी लागून दर मिनिटाला हॉर्न देत होता.

"याले सांगा भाऊ," रतनसिंग रडकुंडीला येऊन म्हणाला, "हॉर्न नको वाजवू म्हना. मानसाचा दम तुटते."

जानराव काचेपाशी गेले. टकटक केलं. तरण्या ड्रायव्हरनं काच खाली केली.

"घाई हाये का तुले?"

"सात वाजतापासून बसलो काका. पाय दुखून राह्यला."

"मंग गाडी बंद कर थोडा येळ. आमी जातो पुढं, तू मागून ये."

तो खरंच थांबला. दोघं शेजारी शेजारी निघाले. रतनसिंगनं एक केळ तीन घासांत खाल्लं आणि दुसरं हातात धरून धावत राहिला. बोलायला त्याच्यात ताकद नव्हती, म्हणून या वेळी जानरावच बोलले. तुरीचं सांगितलं, गावच्या नळयोजनेचं सांगितलं, पोरीला सायन्सच घेऊ दे म्हणाले. रतनसिंग हाताच्या खुणेनं उत्तरं देत होता.

सरांनी वही बंद केली नव्हती. एक तास एक्कावन्न मिनिटं. रतनसिंगनं आपला आकडा स्वतः वाकून वाचला, बोट ठेवून. मग मैदानावर आडवा झाला आणि तिथूनच घरी फोन लावला. पलीकडे त्याची म्हातारी आई होती, कमलीबाई. "हो याडी," तो म्हणत होता, "पुरी पयलो. नाही, कोनी मांगं लागलं नव्हतं."

दुपारी त्याच्या मोटारसायकलवर दोघं जानरावांच्या घरी आले. रतनसिंगला पाय टाकून उतरता येईना. सोजरबाई दारात उभ्या राहून त्याची ती धडपड पाहत होत्या. दोघांच्या गळ्यात सारखीच मेडलं होती.

"वैनी, आज भाऊ माह्या पुढं आले," रतनसिंग कसाबसा ओसरीवर टेकत म्हणाला.

"आन तुमी?"

"मी सगळ्याईच्या मांगून."

"मंग तुमालेच जास्त भूक लागली असन," सोजरबाई म्हणाल्या आणि त्यांनी पहिलं ताट त्याच्यापुढे ठेवलं.