कितवी जाग?

मास्तर शिलाईच्या दुकानात कटर होते. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत नुसत्या नजरेनं त्याच्या छातीचं माप सांगायचे. घरी मात्र हाच माणूस दूध उतू जाईल की नाही, याचे अंदाज बांधत बसे आणि तोवर ते उतू जाई. अशा मास्तरांच्या उजव्या हाताची दोन बोटं कापड कापायच्या मशीनखाली सापडली. कटरची बोटं गेली म्हणजे कटरच गेला, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

डॉक्टर तोंडावर बोलणारे निघाले. "आज बोटं जोडतो. त्यांत रक्त खेळायला लागलं तर झालं, एका ऑपरेशनवर सुटाल. नाहीतर उद्या दुसरं ऑपरेशन करून ती काढावी लागतील. शक्यता अर्धी-अर्धी. छापा की काटा, असंच समजा."

सिस्टरनं त्यात भर घातली. दुखू नये म्हणून जे औषध देणार, त्यात माणूस मधेच जागा होतो, नीट बोलतो, पण पुन्हा डोळा लागला की ते सगळं विसरतो.

मास्तरांनी लगेच बायकोला शपथ घातली. "बोटं गेली तर तू मला सांगायचं नाहीस. डॉक्टर पट्टी सोडतील तेव्हा बघेन मी."

"आणि राहिली तर?"

"तरी नाही सांगायचं. नाहीतर तू गप्प बसलीस की मला कळेलच ना!"

बाईंनी कपाळावर हात मारला आणि हो म्हणाल्या. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

मास्तरांना जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. उजवा हात उशीएवढ्या पट्टीत गुंडाळलेला, आणि आत बोटं आहेत की नाहीत ते काही समजत नव्हतं. बायको शेजारच्या खुर्चीत बिस्कीट खात बसली होती.

"आज वार कोणता गं?"

"ते नाही सांगायचं. वारावरून ऑपरेशनं किती झाली ते कळेल. तुम्हीच शपथ घातलीत."

मग मास्तर हिशेबाला बसले. "हे बघ. छापा पडला असेल तर मी एकदाच जागा होणार. काटा पडला असेल तर दोनदा, एकेका ऑपरेशननंतर एकदा. म्हणजे डोळे उघडायच्या वेळा झाल्या तीन. ही त्यांतली कुठली, मला कळायला मार्ग नाही. आणि तिन्हींत चांगली एकच."

"डॉक्टर तर अर्धी-अर्धी म्हणाले होते."

"ते बाहेरून बघतात. मी आतून बघतोय."

"बाहेरून काय नि आतून काय, बोटं तीच ना? तुम्ही दोनदा डोळे उघडणार म्हणून काटा काय जास्त वेळा पडतो?"

मास्तरांना बाईंचं बोलणं चुकीचं वाटत नव्हतं आणि आपलंही चुकीचं वाटत नव्हतं, हे फारच वाईट होतं. मग त्यांना एक युक्ती सुचली. आपण तेच, खोली तीच, तर विनोदही तोच सुचणार. ही दुसरी खेप असेल तर बायकोनं तो आधीच ऐकलेला असेल, आणि हिच्या चेहऱ्यावर काही लपत नाही.

त्यांनी पट्टीचा हात वर केला. "काय गं, एवढ्या कापडात मी बेतले असते..."

बायकोचे ओठ आवाज न करता हलले. दोन शर्ट.

मास्तरांचा वर केलेला हात खाली आला. म्हणजे हे दुसऱ्या ऑपरेशननंतरचं. कात्रीच्या मोठ्या कडीत जाणारी ती दोन बोटं आता कुठल्या तरी बादलीत असतील. मास्तर तोंड फिरवून ओक्साबोक्शी रडायला लागले.

"मेली ती शपथ!" बाईंनी बिस्किटाचा पुडा बाजूला टाकला. "अहो, रडू नका. बोटं आहेत. सकाळी डॉक्टर बघून गेले, रक्त छान खेळतंय. दुसरं ऑपरेशन करावंच लागलं नाही."

"मग शर्टांचं तुला कसं ठाऊक?"

"सकाळपासून पाचव्यांदा ऐकतेय! डोळा लागतो, उठता, वार विचारता, छापा-काटा मांडता, शर्टांचा विनोद काढता आणि रडता. ऑपरेशनमागे एकदाच जागं व्हायचं, हे तुमच्या हिशेबात. औषधाला कुणी सांगितलंय ते?"

मास्तर रडता रडताच हसायला लागले. इतका आनंद त्यांना उभ्या जन्मात झाला नव्हता.

"मग उठल्या उठल्याच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की, तिसऱ्या खेपेला. तर म्हणालात, 'माझं मन राखायला बोलतेस.' आणि भिंतीकडे तोंड करून पडलात. स्वतःचा हिशेब चुकल्याशिवाय तुम्हाला खरं वाटत नाही. म्हणून आता तुम्ही रडेपर्यंत थांबते."

मास्तरांनी डाव्या हातानं तिचा हात घट्ट धरला. पापण्या जड व्हायला लागल्या तसे ते घाबरले. "मला झोप येतेय. हलव मला. हे सगळं विसरेन मी."

"विसरा."

"तुला परत सांगावं लागेल. कंटाळली असशील."

बाईंनी त्यांचं पांघरूण सारखं केलं. "बोटं राहिली हे सांगायचा कसला आलाय कंटाळा?"

मास्तरांचा डोळा लागला. बाईंनी आपलं तोंड पुसलं, एक बिस्कीट खाल्लं आणि काहीच ठाऊक नसल्यासारखा चेहरा करून बसल्या.